गंगेचा मासा, बंगळुरूची प्रयोगशाळा

इ. स. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य म्हैसूर राज्याची पाहणी करत बंगळुरूत आला होता. पुढे हॅमिल्टन हे आडनाव घेतलेल्या याच निसर्ग-अभ्यासकाने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निळे पट्टे असलेल्या एका इवल्या माशाची ‘रेरिओ’ या नावाने त्यात नोंद झाली. तोच आजचा झेब्राफिश.

पुढे दीर्घकाळ हा मासा जगाला मुख्यतः शोभेच्या टाकीतच परिचित होता. अमेरिकेच्या ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगांत आणले आणि १९८१ साली त्याचे क्लोन तयार केल्याचे जाहीर केले. या माशाचा गर्भ मातेच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य.

१९९५ साली चार्ल्स किमेल व सहकाऱ्यांनी या वाढीचे तपशीलवार वेळापत्रक मांडले. त्यातील तास २८.५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले आहेत. पाणी थंड झाले की वाढ मंदावते. सुमारे एका दिवसात हृदय धडधडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिंभ, म्हणजे माशाचे अपक्व पिल्लू, अंड्याबाहेर येतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास वाताशयात हवा भरलेली असते, पीतकाची शिदोरी संपत आलेली असते आणि डिंभ स्वतः भक्ष्य टिपू लागतो.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) वत्सला तिरुमलै यांचा गट अशाच डिंभांच्या अनुमस्तिष्कातील पर्किंजी पेशींचे विद्युत संकेत नोंदवून हालचालींवरील नियंत्रणाचा अभ्यास करतो. भारतीय नद्यांतला मासा अशा रीतीने परदेशी प्रयोगशाळांत घडलेली ओळख घेऊन भारतीय प्रयोगशाळेत परतला.

या प्रवासात मात्र काही हरवलेही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नादियासारख्या नैसर्गिक वाणांच्या चौथ्या गुणसूत्रावर लिंगनिश्चितीशी निगडित भाग आढळला. प्रयोगशाळांत दशकानुदशके वाढवलेल्या ‘एबी’ आणि ‘ट्युबिंगेन’ या प्रचलित वाणांत तो आढळला नाही.

म्हणून टाकीतल्या माशावरून साऱ्या जातीविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. ताडून पाहण्यासाठी मूळ वाण आजही भारतीय उपखंडातील ओढ्यांत, भातखाचरांत आहे. ते पाणी टिकले, तरच ही पडताळणी पुढेही शक्य होईल.