दहा पैशांची उधारी

औंढ्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. आमचं गाव वसमत तालुक्यातलं. लहानपणी आम्ही बैलगाडीनं जायचोत. रात्री जेवणं उरकून गाडी जुपली की दिवस उगवायला नागनाथाचं देऊळ दिसायचं. गाडीत गोधड्या, भाकरी, बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या अन् दादांचे टाळ. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचोत, माळकरी होते. एकादशी अन् गावातलं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही.

मी सांगतोय ती जत्रा १९७३ ची. मी तेव्हा सातवीत होतो. ७२ चा पाऊस गेला होता, ज्वारी हाताला लागली नव्हती. आई अन् चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. घरात मिलोच्या लाल भाकरी होत्या, शाळेत सुकडी मिळायची. बैलांना चारा नव्हता, तरी दादा म्हणले, "नागनाथाला जाऊच. पाणी मागायला दुसरं कुठं जावं?"

देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर रेवड्यांच्या दुकानांच्या पलीकडं एक माणूस पत्र्याची ट्रंक उघडून बसला होता. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, गळ्यात पेटी. तो अभंगाच्या चालीवर गात होता. भजनच हाय असं समजून पंचवीस-तीस माणसं उभी राहिली. दोन कडवी झाली अन् गाण्यात येशूचं नाव आलं. तसे निम्मे लोक निघून गेले. राहिलेल्यांना तो गोष्ट सांगू लागला. ट्रंकेत छोटी छोटी पुस्तकं होती, किंमत दहा पैसे.

तेवढ्यात कुणीतरी म्हणलं, "बाटवणारा हाय." आम्ही चार पोरं होतोत. आम्हाला काय, निमित्तच पाहिजे होतं. ढेकळं उचलली. माझं ढेकूळ त्याच्या तोंडावर फुटलं. गाणं थांबलं. तो डोळ्यातली माती काढायलाय तोवर मी ट्रंकेतलं एक पुस्तक उचललं अन् पळालो. मागून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, मोठा पराक्रम केला.

दादांनी पुस्तक हातात पाहिलं.

"कुठून आणलं?"

मी सगळं सांगितलं, तेही फुशारकीनं.

"कामून मारलं रे त्याला?"

"तो बाटवायलाय."

"तुला बाटवलं का? मला बाटवलं का?" दादा मारतील असं वाटलं, पण त्यांनी हात उगारला नाही. देवळाच्या मागच्या बाजूला नेलं अन् नंदी दाखवला. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागं आहे. त्याची कथा आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असते. नामदेव महाराज देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले, तर लोकांनी त्यांना तिथून उठवलं. ते मागं जाऊन गाऊ लागले अन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं. दादा म्हणले, "ज्यांनी महाराजांना उठवलं त्यांच्यात जाऊन बसलास तू आज. चल, दहा पैसे देऊन येऊ, अन् पाया पड त्याच्या."

आम्ही गेलोत. माणूस उठून गेला होता. मातीत ट्रंकेची चौकोनी खूण तेवढी राहिली होती. दादांनी दोन-तीन दुकानदारांना विचारलं. कुणाला त्याचं गाव ठाऊक नव्हतं.

रात्री गाडीखाली कंदील टांगून दादांनी ते पुस्तक वाचलं. मार्काचं शुभवर्तमान होतं. त्यात पेरणाऱ्याची गोष्ट आहे. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, उगवून करपतं. काही काट्यात दबतं. चांगल्या जमिनीत पडलेलं मात्र तीसपट, साठपट, शंभरपट येतं. दादा थांबले अन् म्हणले, "हा तिफणीनं पेरत नव्हता. तिफणीचं बी वाटेवर कशाला पडंल? हा मुठीनं फोकत होता." मग जरा वेळानं म्हणले, "तो जत्रेतला माणूस बी तसाच. फोकून पेरायलाय. कुठं पडंल ते त्याच्या हाती नाही."

दादांनी माळ काढली नाही, एकादशी सोडली नाही. ते पुस्तक मात्र भजनाच्या वहीसोबत फडक्यात बांधून ठेवलं.

१९७६ ला मी दहावी झालो अन् शेतीला लागलो. पुढं वाचनाचा नाद लागला, तेव्हा त्या ट्रंकवाल्याच्या आधीची माणसं पुस्तकांतून भेटत गेली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, मराठी शिकला अन् ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ ला छापलं गेलं. आपलं सांगणं लोकांच्या गळ्यात उतरवायचं तर ते ओवीत पाहिजे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी तर कीर्तनच उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सगळं आपलं, आख्यान तेवढं ख्रिस्ताचं. औंढ्याच्या वाटेवर पेटी घेऊन बसलेला माणूस त्याच वाटेनं आला होता.

वाद घालणारे बी होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी अन् मिशनरी यांच्यात लोकांसमोर वाद झाले. त्यांनी आपलं सांगावं, बुवांनी खोडावं, गर्दीनं ऐकावं. त्या वादांची पुढं पुस्तकं निघाली. बुवांनी ढेकूळ उचललं नाही, तोंडानं उत्तर दिलं. त्याच्याही आधी गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन मिशनरी नाशिक-त्र्यंबककडं सांगायला गेला होता. तिकडं पटकी पेटली होती. परतीच्या वाटेवर १८२६ साली तोही पटकीनं गेला. त्याच साली मराठीतला नवा करार मुंबईत छापून निघाला.

आपल्या मराठवाड्यातही हे झालं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढं निजामाच्या राज्यात जालन्याला आले. दिवाण सालारजंगांच्या काळात त्यांना जमीन मिळाली अन् तिथं त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. मुसलमान राजाचं राज्य, दिलेली जमीन, त्यावर मराठी ख्रिस्त्यांचं गाव.

अन् नारायण वामन टिळकांची गोष्ट तर रेल्वेच्या डब्यातली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एक अनोळखी साहेब भेटला. बोलणं झालं, त्यानं नवा करार हातात दिला. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला.  पण त्या एका भेटीनं लक्ष्मीबाईंच्या जिवाचे काय हाल झाले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळतं. नवरा धर्म सोडून गेला अन् बाई काही वर्षं त्याच्यापासून वेगळी राहिली. पुढं १९०० साली तीही ख्रिस्ती झाली, पण आपल्या मनानं, आपल्या वेळेला. म्हणून अनोळखी माणसाला धर्म सांगणं ही साधी गोष्ट नाही. त्यात कुणाचं घर हलतं. सांगणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

लोकांची भीती अगदीच खोटी होती असंही मी म्हणत नाही. मोठ्या दुष्काळांत भाकरी अन् धर्म एकाच दारात मिळाले, तेव्हा कोण पोटासाठी गेला अन् कोण मनानं गेला हे कसं ओळखायचं? भुकेल्याला भाकरी द्यावी अन् गप बसावं. धर्म सांगायचा तर त्याचं पोट भरल्यावर, त्याला उठून जाता येईल अशा जागी सांगावा. जत्रा ही तशी जागा. तिथं कुणी कुणाला बांधून ठेवत नाही. अन् त्या ट्रंकवाल्याकडं द्यायला भाकरी नव्हतीच. उलट दुष्काळात तो दहा पैसे मागत होता.

नामदेव महाराज आमच्या नरसीचे. तेही पंजाबात अनोळखी लोकांत गेले, तिथल्या लोकांना कळेल असं गायले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या लोकांनी ढेकळं मारली असती तर? आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, पाळण्याचा अन् त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो नामदेवांच्या वाटेनं जाणाऱ्याला आहे अन् ट्रंकवाल्यालाही आहे.

दोन वर्षांखाली वसमतच्या बाजारात हळकुंडाचा भाव काढायला गेलो होतो. येताना पाहिलं, एक तरुण अन् त्याची बायको पुस्तकं वाटायलेत अन् सात-आठ पोरांनी त्यांना घेरलंय. एक मोबाईलवर शूटिंग करायलाय, एकानं पिशवी धरलीय. त्यात माझ्या भावकीतलं एक पोरगं होतं. खरं सांगतो, पाय उचलंना. गावात राहायचंय, पोरांची लग्नं व्हायचीत. वाटलं, मान खाली घालून निघून जावं.

मग पिशवी धरणाऱ्या पोराच्या हाताकडं नजर गेली. तेराव्या वर्षी माझा हात तसाच होता.

"ऐकायचं नसंल तर पुढं चला रे," मी म्हणलं. आवाज काही फार मोठा निघाला नाही.

"काका, तुम्ही बी बाटलाव काय?" भावकीतलं पोरगं म्हणलं. मी सदऱ्यातली माळ बाहेर काढून दाखवली. पोरं हसली, काहीबाही बोलली अन् पांगली. काही जण माझ्यावर रागावून गेली, ते अजून नीट बोलत नाहीत.

मी त्या तरुणाला एक पुस्तक मागितलं. किंमत विचारली. तो म्हणला, "फुकट हाय, बाबा." मी दहा रुपयांची नोट त्याच्या पिशवीत टाकली. तो घेईना. मी म्हणलं, "घ्या. औंढ्याची उधारी हाय, लई जुनी."

त्याला काही कळलं नाही. त्याच्या बायकोनं नोट घडी घालून ठेवली. मी टेम्पो गाठला. घरी आल्यावर दादांच्या फडक्यात ते दुसरं पुस्तक पहिल्याशेजारी ठेवलं.