सहलीसाठी गाडी आणि हॉटेल बुक करताना फसगत का होते? नियम काय सांगतात?

मीरा-भाईंदरहून अलिबाग, दापोली किंवा महाबळेश्वरला जायचं ठरलं की आधी मोबाइलवर गाडी आणि खोली शोधली जाते. मग ठरलेल्या तक्रारी सुरू होतात: दाखवलेला दर वेगळा, शेवटी भरायची रक्कम वेगळी, हॉटेलवर पोहोचल्यावर 'बुकिंगच नाही' हे उत्तर, गाडी परत करताना ओरखड्यासाठी कापलेलं डिपॉझिट. अशा वेळी काय करता येतं?

दर शेवटच्या पानावर का वाढतो?

आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरताना एकेक शुल्क जोडायचं, विमा किंवा देणगी न विचारता टाकायची, 'एकच खोली उरली' अशी खोटी घाई करायची, या सगळ्याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत असे 13 प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली आहे.

कर मात्र खरा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के जीएसटी आहे. स्वस्त खोलीच्या बिलात अजूनही 12 टक्के दिसले, तर विचारा.

हॉटेलला थेट फोन करावा का?

जरूर करा. अॅपपेक्षा कमी दर इतरत्र देऊ नये, असं बंधन हॉटेलांवर घातल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. थेट बोलल्याने बुकिंग खरंच पोहोचलं आहे का, हेही कळतं. फोन नंबर मात्र सर्चमधला पहिला दिसला म्हणून घेऊ नका. बनावट संकेतस्थळं तिथेच टपलेली असतात.

आणखी एक अडचण 'लोकल आयडी'ची. मीरा रोडच्या पत्त्याचं आधार कार्ड दाखवून काशिमीऱ्यात खोली मागितली, तर नकार मिळू शकतो. हा बहुतेक वेळा हॉटेलचा स्वतःचा नियम असतो आणि बुकिंगच्या पानावर तळाशी लिहिलेला असतो. लग्नाच्या पाहुण्यांसाठी खोल्या घेताना तो आधी वाचा.

भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट का बघायची?

स्वतः चालवायच्या भाड्याच्या पेट्रोल-डिझेल गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापराची. ती परवान्याशिवाय भाड्याने देणं बेकायदा आहे. ओळखीतून स्वस्तात मिळालेल्या अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दिवसाला चारपाचशे रुपये वाचवताना लाखोंचा भुर्दंड बसू शकतो.

गाडी घेताना आणि परत करताना चारही बाजू, टायर, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ काढा. फास्टॅग कोणाच्या खात्याचा आणि किलोमीटरची मर्यादा किती, हे लेखी घ्या. दहिसर नाक्यावर 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे त्या टोलची रक्कम बिलात दिसली तर हरकत घ्या.

तक्रार कुठे करायची?

- आधी कंपनीला ईमेल करा. फोनवरचं आश्वासन पुरावा म्हणून टिकत नाही.
- दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो तिथे करता येते. हॉटेल महाबळेश्वरचं असलं, तरी मीरा-भाईंदरकरांना ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मुदत 2 वर्षं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो.
- बनावट साइटवर पैसे गेले असतील, तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

निघण्यापूर्वी बुकिंगचं पान, रद्द करण्याच्या अटी आणि पैसे भरल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. वाद झाला, तर तेच कामाला येतात.