द्विध्रुवीय विकार : औषधांना ‘थेरपी’ची जोड

द्विध्रुवीय विकाराच्या, म्हणजेच ‘बायपोलर डिसऑर्डर’च्या उपचारात धोक्याचा काळ अनेकदा रुग्णाला बरे वाटू लागल्यावर येतो. झोप ताळ्यावर आलेली असते, नोकरीवर पुन्हा रुजू होऊन काही महिने लोटलेले असतात आणि ‘आता गोळ्या कशाला?’ हा प्रश्न मनात डोकावू लागतो. गोळ्या बहुधा कोणाला न सांगताच बंद होतात आणि घरच्यांना ते कळते ते पुढचा झटका आल्यावर. बाह्यरुग्ण विभागातील पाच-दहा मिनिटांच्या भेटीत या प्रश्नाची उकल होत नाही. त्यासाठी तज्ज्ञाशी ठरावीक पद्धतीने, काही महिने चालणारा संवादात्मक मानसोपचार लागतो. शहरी बोलीत त्यालाच ‘थेरपी’ म्हणतात.

या विकारात मनोवस्था दोन टोकांना जाते. उन्मादाच्या अवस्थेत झोपेची गरजच वाटेनाशी होते, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. ही अवस्था आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकते. नैराश्याच्या अवस्थेत तीच व्यक्ती अंथरुणातून उठू शकत नाही. सकाळी हसरा आणि संध्याकाळी रुसलेला माणूस हल्ली सहजपणे ‘बायपोलर’ ठरवला जातो. त्या लहरीपणाला हा आजार म्हणत नाहीत. फ्रान्समधील ज्याँ-पिएर फाल्रे यांनी १८५४ मध्ये या आजाराचे ‘चक्राकार’ रूप नोंदवले, तर उन्मादावर लिथियम उपयोगी पडते हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले. लिथियमचे स्थान आजही कायम आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात सुमारे ०.५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी तरी हा विकार झालेला आढळला आणि रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांच्या बाहेर होते. पाहणीसाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आकडे वापरताना ध्यानात ठेवलेले बरे.

थेरपी हा औषधाला पर्याय नव्हे. भरात आलेल्या उन्मादात समोरासमोर बसून बोलणेच शक्य नसते. तेव्हा औषधे आणि गरज पडल्यास रुग्णालय हाच मार्ग. थेरपीला वाव मिळतो तो नैराश्यात आणि दोन झटक्यांमधील शांत काळात.

त्यातले पहिले काम म्हणजे पूर्वखुणा ओळखणे. झटका क्वचितच एका रात्रीत येतो. त्याआधी काही दिवस एखादा रुग्ण मध्यरात्री जुन्या मित्रांना फोन करू लागतो, दुसरा नव्या धंद्याचे आराखडे मांडतो, तिसरीला घर आवरताना पहाट होते आणि तरी थकवा जाणवत नाही. मागील झटके आठवून, जवळच्या नातेवाइकाला सोबत घेऊन थेरपिस्ट अशा खुणांची यादी करतो. खूण दिसताच कोणाला कळवायचे, डॉक्टरांकडे किती दिवसांत जायचे, बँकेचे कार्ड कोणाकडे ठेवायचे, हे डोके शांत असताना ठरवून लिहिले जाते. ब्रिटनमध्ये १९९९ साली ६९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एवढ्या साध्या शिक्षणाने उन्मादाचा पुढचा झटका बराच लांबला. नैराश्याच्या झटक्यांवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही.

हेच शिक्षण गटात दिल्यास काय होते, हे बार्सिलोनातील संशोधकांनी २००३ मध्ये तपासले. १२० रुग्णांपैकी निम्म्यांना २१ बैठकांत आजार, औषधे, व्यसने आणि दिनक्रम यांची माहिती दिली गेली. उरलेल्यांनाही तितक्याच बैठकांना बोलावले होते, फक्त तेथे शिकवणे नव्हते. शिकलेल्या गटात झटके कमी आले आणि हा फरक पाच वर्षांनंतरही टिकून होता. माणसे नुसती एकत्र बसल्याने हे साधत नाही, असा त्याचा अर्थ.

पिट्सबर्ग विद्यापीठातील एलेन फ्रँक यांच्या पद्धतीचा भर दिनक्रमावर आहे. उठण्याची वेळ, दिवसात पहिल्यांदा कोणाशी संपर्क आला ती वेळ, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची वेळ अशा पाच नोंदी रुग्ण रोज ठेवतो. वरवर हे शाळकरी वाटते. पण झोपमोड हे उन्मादाचे मोठे निमित्त असते, आणि आपल्याकडे झोपमोडीला निमित्तांची वाण नाही. विसर्जनाची रात्र, नवरात्रातले जागरण, लग्नघर, कॉल सेंटरची रात्रपाळी, परदेशी विमानप्रवास, घरात आलेले तान्हे बाळ! या सगळ्यापासून दूर राहा, असे थेरपिस्ट सांगत नाही. मिरवणूक पाहावी, पण घरी किती वाजता परतायचे आणि दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे आधी ठरवावे.

सर्वांत नाजूक भाग घरातला. एकदा झटका येऊन गेला की रुग्णाच्या मोठ्याने हसण्यावरही घरचे दचकतात. वाद झाला की आई विचारते, ‘गोळी घेतलीस का?’ तो प्रश्न काळजीपोटी असतो. ऐकणाऱ्याला मात्र आपला साधा रागही आता आजारात जमा झाला, असे वाटते. गोळ्या गुपचूप बंद होण्यामागे हा अपमानही असतो. अमेरिकेतील डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या कुटुंबकेंद्री उपचारात नऊ महिन्यांत २१ बैठका होतात. आजार समजून घेणे, टोचून न बोलता म्हणणे मांडणे आणि घरातले प्रश्न एकेक करून सोडवणे, हा त्याचा क्रम. स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याचा निवाडा एकट्या आईने किंवा पत्नीने करायचा नसतो, हे घरात मान्य व्हायलाच बराच वेळ जातो.

अमेरिकेतच २००७ मध्ये औषधे घेत असलेल्या २९३ नैराश्यग्रस्त द्विध्रुवीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत कमाल ३० बैठका मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के वर्षभरात सावरले. तीनच बैठका मिळालेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. प्रत्येक निष्कर्ष असा उत्साहवर्धक नाही. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीचा ब्रिटनमधील २५३ रुग्णांना एकंदरीत लाभ झाला नाही, असे २००६ मध्ये आढळले. ज्यांना तोवर १२ पेक्षा कमी झटके आले होते, त्यांना मात्र तिचा उपयोग झालेला दिसला. थेरपी लवकर सुरू करावी, याला हा एक आधार.

नऊ महिने नियमित बैठका, त्याही मराठीतून आणि परवडणाऱ्या दरात, मोठ्या शहरांतही सर्वांना मिळत नाहीत; गटउपचार हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. त्याचा आणि औषधे देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा एकमेकांशी संपर्क असावा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. ‘टेली-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील एक तरतूदही येथे उपयोगी पडते. निर्णयक्षमता शाबूत असताना प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे लेखी नोंदवून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. आई-वडील, भाऊ की पत्नी, हे त्या कागदावर रुग्ण स्वतः लिहितो.