बोटाखालचे अक्षर

जून महिन्यात बालवाडी उघडते. पहिले काही दिवस रडारड चालते, मग मुले रुळतात आणि लगेच बऱ्याच ठिकाणी त्यांच्या हाती पेन्सिल व दुरेघी वही येते. वहीत टिंबाटिंबांचे अक्षर छापलेले असते आणि त्यावरून ओळीने पानभर गिरवायचे असते. मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, कागद फाटेपर्यंत दाबते, दहा मिनिटांत हात दुखला म्हणून सोडून देते. घरी मात्र विचारणा सुरू होते, "लिहायला लागला का?"

काही बालवाड्यांत याच दिवसांत वेगळे दृश्य दिसते. बाईंसमोर एका ताटात चाळलेली बारीक वाळू पसरलेली असते. शेजारी पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून चिकटवलेला 'म' असतो. मूल पहिली दोन बोटे त्या खरखरीत 'म'वरून हलकेच फिरवते, तोंडाने आवाज काढते आणि मग वाळूत आपला 'म' काढून पाहते. मनासारखा झाला नाही तर ताट हलवायचे, की वाळू पुन्हा कोरी होते.

एकाच चटईवर मांडलेल्या या दोन साधनांची कुळे निरनिराळी आहेत. वाळूचे ताट आपल्याकडचे, आणि खरखरीत अक्षर पॅरिस, रोम, भावनगर असा प्रवास करून आलेले.

वाळूच्या ताटाचा पूर्वज म्हणजे धूळपाटी. कागद महाग होता आणि दगडी पाटी अजून आली नव्हती, त्या काळात पंतोजींच्या शाळेत मूल लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून बसे. बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. हात वळला की मग बोरू, शाई आणि कित्ता. आकडेमोडही धुळीतच चाले. म्हणून जुन्या गणितग्रंथांत अशा गणिताला धूलिकर्म म्हटलेले आढळते. चूक पुसायला काही खर्च नव्हता, हा धूळपाटीचा मोठा गुण. शंभरदा चुकले तरी पाटी खराब होत नसे.

हीच युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्र ओलांडून गेली. मद्रासला एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम होता. त्याची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या आश्रमात तेच सुरू करायचे ठरवले. मास्तरांना ते पटेना. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवले आणि वर्ग चालू लागला. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाची हकिगत छापली. पुढे जोसेफ लँकेस्टरने गरिबांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत अगदी लहानांच्या बाकांवर काळ्या तळाची, पांढऱ्या वाळूची तबके बसवली. वाळूत बोट फिरले की खालचा काळा रंग दिसायचा आणि अक्षर उठून यायचे. मद्रासच्या शाळेतली वाळू अशी लंडनच्या बाकावर पोहोचली.

इकडे मात्र सरकारी शाळा वाढल्या तशी दगडी पाटी आली, मग वही आली. धूळपाटी मागासलेपणाची खूण ठरून बाजूला पडली.

खरखरीत अक्षराचे कूळ सुरू होते ते एका रानात सापडलेल्या मुलापासून. १८०० साली फ्रान्समधल्या आव्हेरों भागात बारा-एक वर्षांचा, बोलता न येणारा मुलगा लोकांच्या हाती लागला. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले तरुण डॉक्टर झाँ इतार यांनी त्याला शिकवायचे मनावर घेतले आणि त्याचे नाव ठेवले व्हिक्टर. कानावाटे भाषा जात नाही, तेव्हा हाताने आणि डोळ्याने जाते का, हे इतारांना पाहायचे होते. त्यांनी पुठ्ठ्यावर अक्षरे छापली आणि त्यांच्याशी जुळणारी धातूची सुटी अक्षरे करून घेतली. व्हिक्टर ती जोड्यांनी लावू लागला, दुधासाठी असलेल्या फ्रेंच शब्दाची चार अक्षरे रचू लागला. तो ज्या घरी रोज दूध प्यायला जायचा, तिथे एके दिवशी त्याने खिशातून तीच चार अक्षरे काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. घरून निघताना ती त्याने कुणी न सांगता बरोबर घेतली होती. व्हिक्टर पुढे फारसे बोलायला शिकला नाही, पण हातात धरता येणारे अक्षर मुलाच्या कामी येते, हे त्याने दाखवले.

इतारांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी हे काम मतिमंद मुलांसाठी वाढवले. आकार बसवायच्या फळ्या, बटणे लावायच्या चौकटी त्यांनी वापरल्या. नाव शिकवायची त्यांची तीन पायऱ्यांची रीत आजही मोंटेसोरी शाळांत चालते. आधी सांगायचे, "हा म." मग दोन-तीन अक्षरे मांडून म्हणायचे, "म दाखव." आणि शेवटी बोट ठेवून विचारायचे, "हा कोणता?" दुसरी पायरी पक्की झाल्याशिवाय तिसरीला हात लावायचा नाही. मूल चुकले तर टोकायचे नाही. पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे.

रोममध्ये डॉ. मारिया मोंटेसोरी यांनी इतार आणि सेगँ यांची पुस्तके स्वतःच्या हाताने उतरवून काढली. आधी त्यांनी मतिमंद मुलांसाठी लाकडाची देखणी अक्षरे करून घेतली होती. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' सुरू केले, तेव्हा तशी अक्षरे करायला पैसे नव्हते. मग कागदाची अक्षरे कापली आणि बोटाने गिरवण्यासाठी सँडपेपरची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवली. अडचणीतून काढलेला हा मार्ग लाकडापेक्षा सरस ठरला. बोट खरखरीत भागावरून घसरून गुळगुळीत पुठ्ठ्यावर गेले, की चूक मुलाची त्यालाच कळते. कुणी सांगावे लागत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एके दिवशी मुले गच्चीवर होती. मोंटेसोरींनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढून झाल्यावर तो आनंदाने ओरडला, "मला लिहिता येतं!" गुडघे टेकून त्याने फरशीवर 'हात' लिहिले, मग 'धुराडे', मग 'छप्पर'. पेन्सिल हाती देऊन त्याला कुणी लिहायला शिकवले नव्हते. बोटांनी अक्षरे गिरवून आणि सुट्या अक्षरांनी शब्द जुळवून हाताची तयारी होत होती, ती त्या दिवशी एकदम बाहेर आली.

भारतात हे कूळ रुजवले ते भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर कामाला लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार निघाला. ताराबाईंना मात्र एक गोष्ट सलत होती. मोंटेसोरी साधनांचा महागडा संच शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतच थांबत होता. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या या गावात त्यांनी तत्त्व तेच ठेवले आणि साधने बदलली. शिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या ही मोजायची, जोड्या लावायची, चिमटीने उचलायची साधने झाली. वाड्यावस्त्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. त्या अंगणवाडीचे नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. साधन विकत न आणता भोवतालातून घ्यायचे, हे एकदा ठरले की मग वाळूचे ताटही परके राहत नाही. धूळपाटी आणि खरखरीत अक्षर एका चटईवर येतात ते इथे.

ही जोडी देवनागरीला तर फारच मानवते. आपल्याकडे ग, म, भ, न हा क्रम आकाराच्या साम्यावरून लावलेला आहे. 'म' आणि 'भ' यांत फरक डावीकडच्या वरच्या टोकाचा. 'म'चे टोक शिरोरेषेला भिडते, 'भ'चे वळसा घेऊन सुटे राहते. डोळ्यांना हा फरक पटकन दिसत नाही, पण बोट त्या वळशावरून गेले की लगेच जाणवतो.

संशोधनही याला दुजोरा देते. २००४ मध्ये फ्रान्समध्ये बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग झाला. उठावदार अक्षरे बोटांनी चाचपणारी मुले नुसती पाहणाऱ्या मुलांपेक्षा नवे शब्द चांगले वाचू शकली. २०१२ मध्ये अमेरिकेत करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे स्वतः काढायला दिली, काही टिंबांवरून गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे चित्रण केले. वाचनासाठी लागणारे भाग जागे झालेले दिसले ते मुलांनी स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. म्हणजे टिंबे जोडणे पुरत नाही. खरखरीत अक्षरावर बोटाला वाट कळते, आणि वाळूत ते अक्षर मुलाला स्वतः काढावे लागते. दोन्ही साधने लागतात ती यासाठी.

आणि हातही अजून तयार व्हायचा असतो. मनगटातली आठ छोटी हाडे जन्मतः कूर्चेची असतात, ती एकेक करत कठीण होतात. शेवटचे हाड तयार व्हायला वयाची आठ ते बारा वर्षे लागतात. साडेतीन वर्षांच्या मनगटाकडून पानभर लेखन मागणे हा हट्ट झाला.

तेव्हा पालकांना आणि बालवाडीताईंना एवढेच सांगणे आहे. पहिल्या महिन्यात मुलांना चिंचोके निवडू द्या, माती मळू द्या, बटणे लावू द्या. मग सुताराकडून पॉलिश पेपर आणा, ग, म, भ, न कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. ताटात वाळू किंवा रवा पसरा. एका वेळी दोनच अक्षरे घ्या आणि तीन पायऱ्या पाळा. पेन्सिल दिवाळीनंतर दिली तरी काही बिघडत नाही.