संजय गांधी निराधार अनुदान योजना (लोहारा तालुका)

महाराष्ट्र शासनाची 1980 पासूनची अर्थसाहाय्य योजना. निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि दुर्धर आजारी यांना दरमहा अनुदान मिळते. पासष्टी गाठलेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे.

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात या योजनांचे महत्त्व अधिक. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली, कर्ती माणसे गेली, अनेकांना कायमचे अपंगत्व आले. कोरडवाहू शेती आणि मजुरी करणाऱ्यांना म्हातारपणी कोणती पेन्शन? त्यांना आधार याच योजनांचा.

अर्ज तहसील कार्यालयात होतो. उत्पन्नाचा व रहिवासी दाखला, दिव्यांगांस किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मंजुरी तालुका समिती देते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो द्यायला तालुक्याला बोलावणे अन्यायाचे आहे. तलाठ्याने घरी जाऊन पडताळणी करावी.

अनुदान 2019 मध्ये 600 वरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 रुपये झाले. 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2,500 रुपये ठरले. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा मात्र 80 वर्षांखालील लाभार्थ्यामागे 200 रुपयेच आहे. आता रक्कम थेट आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्ध मजुरांची आधार पडताळणी अडते.

सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये आहे. एवढ्यात कोणतेही कुटुंब जगत नाही. ही मर्यादा तातडीने वाढवायला हवी.