बंदरांची साप्ताहिक तार

गेल्या वेळी आपण मुंबईच्या मांडवीत थांबलो होतो. सप्टेंबर १८९६. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं, हा ब्यूबॉनिक प्लेग आहे. मुंबई-लंडन समुद्री तार सुरू होऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती. म्हणजे अडचण वेगाची नव्हतीच. अडचण अशी, की बातमी कळवली की आपलीच जहाजं परक्या बंदरात अडकणार, माल कुजणार. मग कोण कशाला बोलेल?

१८९७ च्या व्हेनिस परिषदेनं प्लेगची खबर तारेनं देणं सरकारांना बंधनकारक केलं. पण सांगायचं बंधन वेगळं आणि सांगावंसं वाटणं वेगळं. कांट शिकवताना हा फरक समजवायला आम्हाला तासभर लागायचा. व्यापाऱ्याला तो एका अडकलेल्या जहाजात कळतो.

यातून वाट काढली ती सिंगापूरनं, असं आम्हाला वाटतं. १९२५ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागानं तिथे कार्यालय उघडलं. पैसा बराचसा रॉकफेलर फाउंडेशनचा. पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची बंदरं दर आठवड्याला प्लेग, पटकी, देवी यांची खबर तारेनं पाठवत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून सांकेतिक शब्दांचं पुस्तकच केलं होतं. सगळी माहिती एकत्र करून ती बिनतारी केंद्रांवरून प्रसारित होई. भर समुद्रातल्या जहाजालाही ऐकता येई. गंमत बघा, आता सांगणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळत होतं. इतरांची खबर हाती आली, आणि पुढचं बंदर निर्धोक आहे हे कळलं, तर जहाज उगाच कशाला रोखायचं? अफवेवर बंदर बंद करण्यापेक्षा हे स्वस्तच.

पण ही तार बोलायची ती बंदराशी, जहाजाशी, सरकारशी. चाळीतल्या माणसाशी नाही. १८९७ मध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, तेव्हा आजाऱ्याला कुठे नेताहेत, का नेताहेत, हे त्याच्या घरच्यांना धड कुणी सांगितलं? लोक रोगी लपवू लागले ते यामुळेच. बंदरं गप्प राहत होती तीही भीतीनंच. बंदरांची भीती दूर करायला निदान एक कार्यालय निघालं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि तिथलं काम थांबलं. जिनिव्हाहून १९२६ मध्ये सुरू झालेलं साथींचं साप्ताहिक पत्रक मात्र पुढे जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं. ते आजही निघतं.