टेलिटाइपवरची बैलगाडी

३ डिसेंबर १९७१. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली जॉर्डन ज्युनियर हायस्कूल ही शाळा, आठवीचा इतिहासाचा तास. वर्गात एक टेलिटाइप आणून ठेवलाय. टेलिटाइप म्हणजे टाइपरायटरचा थोरला भाऊ समजा. स्क्रीन वगैरे भानगड नाही, आपण टाइप करायचं आणि उत्तर खडखडाट करत कागदाच्या गुंडाळीवर छापून यायचं. फोनच्या लाइनवरून तो दूरच्या एका एचपी मिनीकॉम्प्युटरला जोडलेला. वर्गभर मिळून यंत्र एकच. आणि त्यावर पोरं काय करतायत, तर बैलगाडी हाकतायत. मिसुरीतून निघून ओरेगॉनपर्यंत, दोन हजार मैल.

हा 'ओरेगॉन ट्रेल'चा पहिला दिवस. आज शिक्षणात गेम्स हा विषय निघाला की ज्या गेमचं नाव हमखास निघतं, तो हा. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये मॅडमचं लक्ष नसताना डेंजरस डेव्ह आणि लक्ष असताना लोगोचं कासव, एवढंच गेमिंग होतं :) पण अमेरिकेत ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा, "आमांशाने मेलास का रे?" तो लगेच हसेल. गेममध्ये मरण्याचं ते सर्वात प्रसिद्ध कारण.

तर, गेम कुणी केला? डॉन रॉविच हा कार्लटन कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी त्या शाळेत प्रशिक्षणार्थी शिक्षक होता. मुलांना पश्चिमेकडच्या स्थलांतराचा धडा शिकवायचा म्हणून तो नकाशावर सोंगट्या-फाशांचा खेळ तयार करत बसला होता. त्याचे दोन रूममेट, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर, गणिताचे शिक्षक व्हायला निघालेले, आणि दोघांना बेसिकमध्ये प्रोग्रॅमिंग यायचं. त्यांनी खेळ पाहिला आणि म्हणाले, हे कॉम्प्युटरवर करू. मुदत साधारण दोन आठवडे. कोड लिहिला गेला ते जिथे शिकवत होते त्या शाळेतल्या एका खोलीत, जी आधी झाडूवाल्याची सामान ठेवायची खोली होती. आपल्याकडच्या कुठल्याही डेडलाइनवाल्याला हे वाचून आपुलकी वाटेल.

हा पहिलाच असा प्रयोग, असं मात्र कुणी म्हणू नये. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यात मेबल अ‍ॅडिस या शाळाशिक्षिकेने आयबीएमच्या विल्यम मॅकेच्या साथीने 'सुमेरियन गेम' केला होता. सहावीतली मुलं प्राचीन लगाश नगरीचा राजा होऊन धान्य किती पेरायचं, किती वाटायचं ते ठरवायची. कॉम्प्युटर गेम लिहिणारी पहिली व्यक्ती बहुधा ही बाई. पण तो गेम प्रयोगापुरताच राहिला. ओरेगॉन ट्रेल मात्र टिकला, आणि त्याचं कारण मला वाटतं गेमपेक्षा मिनेसोटा राज्यात जास्त आहे. कंट्रोल डेटा, हनीवेल, युनिव्हॅक या कंपन्यांची त्या भागात मोठी केंद्रं होती. शाळांना टाइमशेअरिंगने कॉम्प्युटर वापरू द्यावा ही कल्पना तिथे लवकर रुजली, आणि १९७३ मध्ये राज्याने त्यासाठी एमईसीसी नावाची संस्थाच काढली.

पण त्याआधीची गंमत. सत्र संपलं तसा रॉविचने प्रोग्रॅमचा प्रिंटआउट काढला आणि सिस्टिमवरून तो चक्क पुसून टाकला! १९७४ मध्ये त्याला एमईसीसीत नोकरी लागली, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्याने त्या कागदावरून ओळ न् ओळ पुन्हा टाइप केली. गिट नाही, बॅकअप नाही, कपाटातला कागद. नुसतं टाइप करून तो थांबला नाही. त्या वाटेने गेलेल्या माणसांच्या रोजनिश्या त्याने वाचून काढल्या, आणि त्यात कुठली आपत्ती किती वेळा येते त्यावरून गेममधल्या शक्यता बदलल्या. सुधारलेला कोड १९७८ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग' मासिकात छापून आला. म्हणून तो आजही आपल्याला वाचता येतो.

मी एका शनिवारी तो घेऊन बसलो. व्हेरिएबलची नावं एका अक्षराची, गोटू तर पावलोपावली. कोड रिव्ह्यूत असलं काही आलं तर मी पाठवणाऱ्याला चहाला नेऊन समजावेन. पण मधोमध एक डेटाची ओळ आहे, ६, ११, १३, १५, १७, २२... अशी ९५ पर्यंत, आणि अख्खा इतिहास त्या ओळीत बसवलाय. दर पंधरवड्याला शंभरपैकी एक आकडा पडतो. सहाच्या आत आला तर गाडी मोडली. पुढचे पाच, बैलाचा पाय जायबंदी. मग दोन मुलीचा हात मोडण्याचे, दोन बैल भरकटण्याचे, दोन मुलगा हरवण्याचे. जोराचा पाऊस दहा. दरोडेखोर फक्त तीन. सर्वात मोठा तुकडा, ६९ ते ९५, आजारपणाचा, आणि तो तुम्ही पोटभर खाताय की अर्धपोटी यावर ठरतो. उरलेले शेवटचे पाच? वाटेतले इंडियन तुम्हाला अन्न कुठे मिळेल ते दाखवतात.

आता हॉलिवूडचे वेस्टर्न आठवा. गाड्यांचा गोल, भोवती किंचाळणारे घोडेस्वार. प्रत्यक्षात त्या वाटेवर माणसं मेली ती मुख्यतः कॉलऱ्यासारख्या रोगांनी, नदीत बुडून, स्वतःचीच बंदूक चुकून उडून. वाटेत कुठे कुठे स्वार भेटतात खरे, कधी शत्रू, कधी नुसते जाणारे, पण सिनेमातलं चित्र रॉविचच्या कोडमध्ये नाही. पोरांना कुणी हे भाषण देऊन सांगितलं नाही. दोन-तीनदा खेळलं, दोन-तीनदा आजारी पडून मेलं, की आपोआप कळायचं की पैसे गोळ्यांवर उडवायचे की अन्नावर. (मेल्यावर गेम विचारतो, पाद्री हवा का, थाटात अंत्यविधी हवा का, नातेवाइकांना कळवायचं का. सेंट लुइसच्या सेडी मावशीला तार करायचे साडेचार डॉलर. १८४७ मध्ये तिथे तार कुठली? देशाच्या आरपार तार गेली १८६१ मध्ये. पण मावशी गोड आहे, चालायचंच.)

शिकार करायची तर 'बँग' हा शब्द पटकन आणि अचूक टाइप करायचा. किती वेळ लागला ते यंत्र मोजायचं. त्यामुळे वर्गात आपोआप कामं वाटली गेली. ज्याची बोटं चालतात तो टाइप करणार, एक नकाशा बघणार, एक हिशेब ठेवणार, आणि बाकीचे भांडणार. मला वाटतं खरं शिक्षण त्या भांडणात होतं. एकच टेलिटाइप होता ही अडचण नव्हती, तीच सोय होती. आमच्या कंपनीतही 'गेमिफाइड' ट्रेनिंग असतं. स्लाइड, पाच प्रश्न, बिल्ला, पुढची स्लाइड. त्यात कुणी कुणाशी भांडल्याचं मी पाहिलेलं नाही.

सगळ्यांना आठवतो तो गेम मात्र १९८५ चा, अ‍ॅपल टू वरचा, फिलिप बुशार्डच्या टीमने नव्याने रचलेला. त्यात एक कल्पना मला फार आवडते. सुरुवातीला तुम्ही बोस्टनचे बँकर, ओहायोचे सुतार की इलिनॉयचे शेतकरी ते निवडायचं. बँकरकडे १६०० डॉलर, सुताराकडे ८००, शेतकऱ्याकडे ४००. पण शेवटी शेतकऱ्याचे गुण तिप्पट होतात, सुताराचे दुप्पट. दहा वर्षांच्या पोराला वर्गभेद याहून सोप्या भाषेत कसा सांगणार? आणि शिकारीत कितीही रानगवे पाडा, गाडीपर्यंत शंभर पौंडच मांस नेता येतं, बाकी कुजतं. पोरं तरी गवे मारतच राहायची, ते सोडा. टाइप करायची शिकार आता निशाण्याची झाली होती, आणि एका स्क्रीनसमोर एकच मूल बसायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात बसवलेली नव्हती. गाडी नेहमी पश्चिमेला जाणाऱ्याची. ज्यांच्या जमिनीवरून ती जात होती, त्यांच्या बाजूने खेळायची सोय नाही. ते वाटेत भेटतात, मदत करतात किंवा अडवतात, आणि स्क्रीनवरून निघून जातात. गाड्यांपाठोपाठ त्यांच्या जमिनी गेल्या हे गेम सांगत नाही, कारण गेम ओरेगॉनला पोचल्यावर संपतो.

मग दुसऱ्या बाजूने गेम करून बघावा ना? एमईसीसीने केला. १९९२ मध्ये 'फ्रीडम!' आला. यात तुम्ही दक्षिणेतल्या मळ्यावरचे गुलाम, आणि उत्तरेला पळून जायचंय. तुमच्या पात्राला वाचता येत नसेल तर पाट्यांवरची अक्षरं स्क्रीनवर निरर्थक दिसतात. डिझाइन म्हणून मला हे थक्क करणारं वाटतं. पण वर्गात वेगळंच घडलं. पात्रांची बोली तुटक लिहिलेली, आणि वर्गातल्या एक-दोन काळ्या मुलांसमोर बाकीची मुलं गुलाम-गुलाम खेळतायत. कृष्णवर्णीय पालक संतापले, आणि १९९३ मध्ये गेम मागे घेतला गेला. पालकांचं मला पूर्ण पटतं. बैलगाडीत मेलं की हसून पुन्हा सुरू करता येतं. ज्या मुलाच्या पणजोबांनी हे भोगलंय, त्याच्या शेजारच्या बाकावर कुणी 'पकडला गेलो, चल परत खेळू' म्हणत असेल तर त्याने काय करायचं?

एमईसीसी राज्याने १९९१ मध्येच विकली होती. १९९६ मध्ये ती सॉफ्टकीने घेतली. तिघा मित्रांना गेमवर रॉयल्टी अशी कधी मिळाली नाही. २०२१ मध्ये गेमलॉफ्टने अ‍ॅपल आर्केडवर नवा ओरेगॉन ट्रेल आणला, तेव्हा मात्र मूलनिवासी समाजातल्या इतिहासकारांना सल्ल्यासाठी बोलावलं. आता त्या समाजातली पात्रं नायक म्हणून घेऊनही खेळता येतं. आमांश अजून आहेच.